वडील मृत्युपत्र न करता गेले. त्यांची कर्जे आता कोणी फेडायची?

प्रश्न थोडक्यात असा. वडील खासगी कंपनीत नोकरीला होते, निवृत्तीला थोडी वर्षे असतानाच गेले. मृत्युपत्र केलेले नाही. मागे आई, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी. राहता फ्लॅट आईवडिलांच्या दोघांच्या नावावर. त्याची आजची किंमत साधारण ५० लाख, गृहकर्जाचे १४ लाख बाकी आणि त्यात आई सहकर्जदार. याखेरीज बँकेचे वैयक्तिक कर्ज ३ लाख ६० हजार, क्रेडिट कार्डाचे ९० हजार, पतसंस्थेचे २ लाख (जामीनदार वडिलांचे मित्र) आणि हातउसने मिळून अडीच लाख. या हातउसन्यांपैकी एक लाख महिना ३ टक्क्यांनी पैसे देणाऱ्या एका गृहस्थाकडून घेतलेले. जमेच्या बाजूला ५ लाखांची मुदत ठेव, विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधी (तिन्हींवर नॉमिनी आई) आणि गावाकडे आजोबांपासून चालत आलेल्या जमिनीत हिस्सा. वसुलीवाले रोज फोन करून मोठ्या मुलाला सांगतात, ‘मुलगा म्हणून तुम्हालाच भरावे लागेल.’ हे खरे आहे का?

नाही, असे सरळ खरे नाही. पण ‘मग आमचा काही संबंध नाही’ हेही खरे नाही, आणि तुमच्या प्रकरणात तर मुळीच नाही. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता असे धरून लिहितो. बाकीच्यांविषयी पुढे दोन वाक्ये आहेत.

माणूस गेला की त्याचे कर्ज त्याच्या मुलाबाळांच्या अंगावर येत नाही. ते त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेवर राहते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० आणि ५२ मध्ये हे स्पष्ट आहे. मयताच्या वारसावर हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा निकाल) झाला तरी त्याची बजावणी वारसाच्या हातात आलेल्या मयताच्या मालमत्तेपुरतीच होते. तुमचा पगार, पत्नीचे दागिने, तुम्ही स्वतःच्या कमाईतून घेतलेली गाडी यांना धनको (ज्याचे येणे आहे तो) हात लावू शकत नाही. मात्र कलम ५२ चा उत्तरार्ध लोक वाचत नाहीत. वडिलांची मालमत्ता तुमच्या हातात आली आणि तिचे काय केले याचा समाधानकारक हिशेब तुम्हाला कोर्टात देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरती वसुली थेट तुमच्याकडून होऊ शकते. म्हणून या सगळ्या प्रकरणात तुमचे खरे संरक्षण म्हणजे एक वही. त्यात काय आले, कोठे गेले, पावती कोठे आहे, हे पहिल्या दिवसापासून लिहा.

‘मुलाने बापाचे कर्ज फेडलेच पाहिजे’ ही समजूत मात्र कोठून तरी हवेतून आलेली नाही. जुन्या हिंदू कायद्यात पुत्राचे ते धार्मिक कर्तव्य मानले जाई आणि कोर्टेही ते मान्य करीत. २००५ च्या दुरुस्तीने ते संपले. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणे, केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याविरुद्ध वसुलीचा हक्क आता कोर्ट मान्य करू शकत नाही. ९ सप्टेंबर २००५ पूर्वी काढलेल्या कर्जांना हे लागू नाही, पण तुमची सगळी कर्जे त्यानंतरचीच दिसतात. वसुली एजंट ज्या आवाजात बोलतो तो याच जुन्या समजुतीवर पोसलेला आहे. त्याला कायदा माहीत नसतो असे नाही. तुम्हाला तो माहीत नसेल एवढीच त्याची आशा असते.

आता काही काळ काय करू नये ते सांगतो. वडिलांचे एटीएम कार्ड किंवा फोनवरचे पैसे पाठवण्याचे ॲप वापरून पैसे काढू नका, मग ते दवाखान्याच्या बिलासाठी का असेना. स्कूटर विकणे, सोने मोडणे, ठेव मोडून भावंडांत वाटणे हेही थांबवा. मयताच्या मालमत्तेत हात घालणारा माणूस, तो वारस असो वा नसो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या व्याख्येप्रमाणे ‘कायदेशीर प्रतिनिधी’ ठरतो आणि दाव्यात त्याला ओढता येते. घरातला एखादा उत्साही जावई सगळे व्यवहार अंगावर घेतो आणि पुढे त्याच्याच नावाने समन्स येते, असे मी पाहिले आहे.

आणि कशावरही सही करू नका. बँकेचा माणूस घरी येतो, गोड बोलतो आणि ‘फक्त बाकी कन्फर्म करायची आहे’ म्हणून एक कागद पुढे करतो. मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, दावा लावण्याची मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने किंवा त्याच्या जागी आलेल्या माणसाने लेखी कबुली दिली की मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. अंशतः रक्कम भरून त्याची लेखी नोंद झाली तरी तेच. मुदत संपून गेल्यावर सही करून ‘देईन’ असे लिहून दिले, तर करार कायद्याचे कलम २५(३) त्या वचनाला जीव देऊ शकते. आणि त्या कागदात ‘मी व्यक्तिशः जबाबदार राहीन’ असे वाक्य असेल, तर मग कर्ज वडिलांचे राहिले नाही, तुमचे झाले. ‘थोडे तरी भरा, म्हणजे फाइल पुढे ढकलता येईल’ या विनंतीमागचा अर्थही हाच असतो.

सही करू नका म्हणजे गप्प बसा असे नव्हे. प्रत्येक बँकेला, पतसंस्थेला मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतीसह पत्र पाठवा आणि पोच घ्या. मजकूर साधारण असा: ‘माझे वडील, आपले कर्जखाते क्रमांक अमुक यांचे खातेदार, यांचे दि. अमुक रोजी निधन झाले. मी या कर्जात कर्जदार, सहकर्जदार अथवा जामीनदार नाही. कर्ज करारनामा, मंजुरीपत्र, आजपर्यंतचा खातेउतारा आणि या कर्जाशी जोडलेल्या विम्याची माहिती व प्रत द्यावी. यापुढील पत्रव्यवहार लेखी करावा. हे पत्र म्हणजे देण्याची कबुली नाही. वारसांचे सर्व हक्क राखून ते दिले आहे.’ गृहकर्जाच्या पत्रावर आईची सही लागेल आणि तिथे ‘सहकर्जदार नाही’ हे वाक्य अर्थातच येणार नाही.

या पत्रात विम्याबद्दल विचारले आहे ते मुद्दाम. गृहकर्ज आणि वैयक्तिक कर्ज मंजूर करताना कर्जसुरक्षा विमा बऱ्याचदा गळ्यात बांधलेला असतो आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जाच्या रकमेतूनच कापलेला असतो. कर्जदाराला तो आठवतही नाही, घरच्यांना तर माहीतच नसतो. मंजुरीपत्र आणि कर्जवाटपाचा उतारा बारकाईने वाचा. ‘इन्शुरन्स’ नावाची एखादी वजावट दिसली तर दावा ताबडतोब करा. बँक खात्याच्या उताऱ्यात दरवर्षी ४३६ रुपये गेलेले दिसले तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना, तिचे २ लाख मिळतात. २० रुपये गेलेले असतील तर ती अपघाती विम्याची सुरक्षा योजना. काही डेबिट आणि क्रेडिट कार्डांवरही अपघाती विमा असतो. कर्ज कसे फेडावे याची चर्चा करत बसण्याआधी ही शोधाशोध पूर्ण करा. कित्येकदा अर्धा प्रश्न इथेच सुटतो.

यानंतर मालमत्तेची वर्गवारी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण ‘नॉमिनी आई आहे, म्हणजे सगळे आईचे’ असे घरात धरून चाललेले असते.

मुदत ठेवीचे तसे नाही. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, पण नॉमिनी ती रक्कम वारसांच्या वतीने घेतो. मालक सगळे वारस. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या संदर्भात सरबती देवी प्रकरणात आणि २०२३ मध्ये शेअर्सच्या संदर्भात शक्ती येझदानी प्रकरणात हीच भूमिका घेतली. म्हणजे ५ लाखांची ठेव ही वडिलांच्या मागे राहिलेली मालमत्ता आहे आणि धनकोंचा डोळा तिच्यावर असू शकतो. ठेव आणि वैयक्तिक कर्ज एकाच बँकेत असेल, तर ठेव देण्याआधी बँक आपली बाकी त्यातून वळती करण्याचा प्रयत्न करील, हेही धरून चाला.

भविष्य निर्वाह निधीचे मात्र उलटे आहे. या निधीच्या कायद्यातच लिहिले आहे की, सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी रक्कम नॉमिनीच्या मालकीची होते आणि मयताच्या कोणत्याही देण्यापासून ती मुक्त असते. त्या पैशाला कोणीही धनको हात लावू शकत नाही. वडील नोकरीत असताना गेले आहेत, त्यामुळे निधीसोबत ठेवसंलग्न विम्याची रक्कमही मिळते. ती कमाल ७ लाखांपर्यंत जाते. आणि आईला दरमहा विधवा पेन्शन. यासाठी फॉर्म २०, ५-आयएफ आणि १०-डी भरायचे. कंपनीचा एचआर विभाग बहुधा फक्त पहिला फॉर्म देतो. बाकीचे दोन तुम्ही मागून घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन हा विधवेचा स्वतःचा हक्क आहे, तो वडिलांच्या इस्टेटीचा भाग नाही. ग्रॅच्युइटीलाही जप्तीपासून संरक्षण आहे आणि नोकरीत मृत्यू आल्यास पाच वर्षांची अट लागत नाही.

विम्याच्या पॉलिसीबाबत उत्तर थोडे अडखळत द्यावे लागते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुले किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ते रकमेचे हितसंबंधी मालक (म्हणजे रक्कम त्यांचीच) मानले जातात. आईची बाजू त्यामुळे भक्कम आहे, पण या तरतुदीचा आवाका किती, यावर उच्च न्यायालयांचे एकमत नाही. पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८७४ च्या कायद्याखाली काढलेली असेल तर मात्र वाद उरत नाही. ती रक्कम बायकोमुलांच्या विश्वस्त निधीसारखी असते, धनकोंच्या आवाक्याबाहेर. पॉलिसीच्या कागदावर तसा उल्लेख आहे का, ते पाहा. तरुण कर्जदारांना मी नेहमी सांगतो की पॉलिसी काढतानाच हा एक फॉर्म भरा. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

राहिला फ्लॅट. वडिलांचा अर्धा हिस्सा त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेत येतो. ५० लाखांतून १४ लाख गेले, उरलेल्या ३६ लाखांचे निम्मे म्हणजे ढोबळमानाने १८ लाख. ठेवीचे ५ मिळवा. तारण नसलेली कर्जे सगळी मिळून ९ लाख. म्हणून सुरुवातीला म्हटले की ‘आमचा संबंध नाही’ हे तुमच्या बाबतीत चालणार नाही. वैयक्तिक कर्जाच्या बँकेने दावा लावला, हुकूमनामा मिळवला आणि दरखास्त (त्याच्या बजावणीचा अर्ज) दाखल केली, तर वडिलांच्या फ्लॅटमधल्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते. राहत्या घराला जप्तीपासून जी सूट आहे ती शेतकरी, मजूर आणि घरगडी यांच्या घरांना आहे. नोकरदाराच्या फ्लॅटला नाही.

गावच्या जमिनीत दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. ती खरोखर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल तर तुम्हा तिघा भावंडांचा त्यात जन्मतः हिस्सा आहे, बहिणीचाही. विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तुमचे हे स्वतःचे हिस्से वडिलांच्या वैयक्तिक कर्जाला बांधील नाहीत. वडिलांच्या वाट्याला येणारा हिस्सा मात्र आहे. कर्ज कुटुंबाच्या गरजेसाठी कर्ता (कुटुंबप्रमुख) म्हणून काढलेले असेल तर सगळी एकत्र मालमत्ताच अडकते, पण क्रेडिट कार्डाच्या बिलाला कोणी कुटुंबाची गरज म्हणणार नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात सोसायटीचा बोजा चढलेला आहे का तेवढे पाहून घ्या. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, पण पुढची सगळी कामे तिच्यावाचून अडतात.

वारस कोण, हेही एकदा नीट मोजा. आई, दोन मुलगे, मुलगी हे वर्ग १ चे वारस, सगळ्यांचा हिस्सा सारखा. वडिलांची आई हयात आहे का? असेल तर तीही वर्ग १ मध्ये येते आणि तिला तेवढाच हिस्सा मिळतो. आजीला लोक सर्रास विसरतात आणि दहा वर्षांनी फ्लॅट विकताना खरेदीदाराचा वकील तिचे नाव विचारतो. बहिणीच्या बाबतीत दुसरी गंमत असते. हक्क देताना ‘ती सासरी गेली’ आणि कर्ज वाटताना ‘तीही वारसच’. कायद्यात हक्क आणि जबाबदारी दोन्ही बरोबरीने चालतात. ज्याच्या हातात जेवढे आले त्याची जबाबदारी तेवढीच; तिला काहीच मिळाले नसेल तर तिच्याकडून काही मागता येणार नाही.

इतर धर्मीयांबाबत: मुस्लिम कायद्यात अंत्यविधीचा खर्च आणि कर्जे फिटल्यावर उरलेल्याचीच वाटणी होते आणि प्रत्येक वारस आपल्या हिश्श्याच्या प्रमाणातच देण्याला जबाबदार असतो. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो.

कोणाचे आधी द्यायचे? गृहकर्जाची बँक या रांगेत उभीच नाही, कारण तिच्याकडे फ्लॅट गहाण आहे. आई सहकर्जदार म्हणून संपूर्ण बाकीला व्यक्तिशः बांधील आहे, निम्म्याला नव्हे. त्यामुळे इथला हप्ता थांबू देऊ नका. ९० दिवस थकला की खाते अनुत्पादित (एनपीए) होते, त्यानंतर सरफेसी या तारण-वसुलीच्या कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि मग कोर्टाच्या दारी न जाताही बँक ताब्याची कारवाई सुरू करू शकते. आईला उत्पन्न नसेल तर बँक तुम्हाला सहकर्जदार व्हायला सांगेल. वैयक्तिक कर्जाला मी ‘अजिबात नाही’ म्हटले असते. इथे मात्र विचार करा, कारण ५० लाखांचे छप्पर १४ लाखांत टिकते आहे. फक्त सही करण्याआधी कर्जविम्याचे उत्तर लेखी आलेले असू द्या. आणि हप्ते तुम्ही एकटे भरणार असाल तर ते तुमच्या खात्यातून जाऊ द्या. पुढे वाटणी झाली तर त्याचा हिशेब मागता येतो. रोखीने आईच्या हातात दिलेल्या पैशांचा मागता येत नाही.

तारण नसलेल्या देण्यांसाठी उत्तराधिकार कायद्याने क्रम घालून दिला आहे. तो मुळात कोर्टाने नेमलेल्या प्रशासकासाठी आहे, पण मालमत्ता अपुरी पडण्याची शक्यता असेल तेव्हा वारसांनीही तोच पाळावा. उद्या कोर्टात ‘आम्ही कायद्याच्या क्रमानेच दिले’ म्हणता येते. आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि मृत्यूपूर्वीच्या महिन्याभराचा औषधोपचार, कलम ३२०. मग कोर्टाच्या कागदपत्रांचा खर्च. मग मृत्यूआधीच्या तीन महिन्यांतली मजूर, कारागीर किंवा घरकाम करणाऱ्यांची थकलेली मजुरी, कलम ३२२. स्वयंपाकाच्या मावशींचे दोन महिन्यांचे पैसे राहिले असतील तर ते क्रेडिट कार्डाच्या आधी येतात, हे मला या कायद्यातले सगळ्यात शहाणे कलम वाटते. त्यानंतर उरलेल्या सगळ्या धनकोंना सारख्या प्रमाणात. ६ लाख उरले आणि देणी ९ लाखांची असली तर प्रत्येकाला रुपयामागे साधारण ६७ पैसे, मग तो घसा फोडून ओरडणारा असो वा न बोलणारा. अंत्यविधीत ‘वाजवी’ हा शब्द मात्र खरोखर मोजला जातो; तेराव्याला हजार पाने उठवली तर ती धनकोच्या खर्चाने उठणार नाहीत.

तुमच्याकडे मालमत्ता पुरेशी आहे, त्यामुळे क्रमात थोडी मोकळीक घेता येते आणि तिचा उपयोग मी असा करीन. ठेवीच्या ५ लाखांतून पहिले २ लाख पतसंस्थेला. कारण जामीनदार. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि कर्जदाराच्या मृत्यूने ती संपत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि मग त्या मित्राच्या पगाराला हात घालते, कारण तेच तिला सोपे पडते. त्याने भरले तर तो धनकोच्या जागी येऊन वडिलांच्या मालमत्तेतून वसूल करू शकतो. म्हणजे देणे टळत नाहीच, फक्त एक संबंध तुटतो.

उरलेल्या ३ लाखांत वैयक्तिक कर्ज आणि कार्ड एकरकमी तडजोडीने मिटवण्याचा प्रयत्न करा. दोन्ही मिळून साडेचार लाख. मृत्यूच्या तारखेनंतरचे व्याज, दंड आणि उशिराचे शुल्क माफ करा, एवढ्यापासून बोलणी सुरू करावीत. तारण नाही, कर्जदार हयात नाही, दाव्याला वर्षे लागणार, हे बँकेलाही कळते. तिला तुमचा फ्लॅटही दिसत असतो हे तुम्ही विसरू नका, म्हणून चारदोन हजारांवर मिटेल अशी आशा नको. आधी बँकेचे तडजोड मंजुरीपत्र, मग पैसे, मग बेबाकी (काही बाकी नसल्याचा) दाखला, हा क्रम उलटू देऊ नका. आणि पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटच्या हातात नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर उत्तम, तो निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील चालत नाही.

हातउसन्यांचे काय? प्रत्येकाला नम्रपणे पुरावा मागा: चेक, खात्यातली नोंद, चिठ्ठी, मेसेज. दावा लावायला साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. त्यापलीकडची रक्कम कायद्याने मागता येत नाही. द्यायची की नाही हा तुमच्या घराचा प्रश्न, त्यात वकिलाचे काम नाही. द्यायची ठरली तर सगळ्या वारसांच्या संमतीने द्या आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे व्हॉट्सॲपवर लिहीत बसू नका.

महिना ३ टक्केवाल्या गृहस्थांची गोष्ट वेगळी. मित्राने अडीअडचणीला दिलेले उसने म्हणजे सावकारी नव्हे, पण व्याजाने पैसे लावणे हाच धंदा असेल तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात कोर्ट त्याच्या बाजूने हुकूमनामा करीत नाही. परवाना असला तरी चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि दामदुपटीचा नियम आहेच. व्याज मुद्दलापलीकडे जाऊ शकत नाही. त्यांना फक्त परवाना दाखवायला सांगा. वडिलांनी सही करून कोरे चेक दिलेले असतील तर घाबरण्याचे कारण नाही. चेक न वटल्याचा फौजदारी खटला वारसांवर चालत नाही. बँकेला मृत्यूची खबर दिली की तो चेक वटणारही नाही. धमकी आली किंवा जमीन लिहून घेण्याची भाषा झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.

वसुलीच्या फोनवर फार शब्द खर्च करीत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, शेजाऱ्यांत बदनामी, नातेवाइकांना त्रास हे कधीच नाही. फोनची नोंद ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. ‘तुमचा सिबिल (कर्जफेडीची पत-नोंद) खराब करू’ ही धमकी सहकर्जदार किंवा जामीनदार नसलेल्याला लागू पडत नाही.

कोर्टाच्या कागदांबाबत एक गैरसमज. उत्तराधिकार प्रमाणपत्र कर्ज फेडण्यासाठी लागत नाही. वडिलांचे इतरांकडून येणे असेल किंवा शेअर्ससारख्या रोख्यांचा प्रश्न असेल तेव्हा ते काढायचे. फ्लॅट आणि जमिनीसाठी महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो. नॉमिनी असलेल्या ठेवीला यातले काहीच लागत नाही. बँकेने तरीही मागितले तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी विचारा. वडिलांचे शेवटचे प्राप्तिकर विवरण वारस म्हणून भरायला विसरू नका. त्या कराची जबाबदारीही मालमत्तेपुरतीच असते. टीडीएस जास्त कापला गेला असेल तर परतावाही मिळतो.

कोणी आधीच दावा लावला असेल आणि वडील त्यात प्रतिवादी असतील, तर वादीला ९० दिवसांत वारसांना दाव्यात आणावे लागते. नोटीस आली तर घेऊ नका असा सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात. घ्या, हजर व्हा आणि लेखी जबाबात हातात आलेल्या मालमत्तेची यादी जोडा. हे न केल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो आणि जबाबदारी किती पुरती, हा मुद्दा दरखास्तीच्या टप्प्यावर धडपडत मांडावा लागतो.

आता लगेच करायचे काम घरातले आहे. आई, तुम्ही दोघे भाऊ आणि बहीण (आणि आजी असल्यास आजी) असे एकत्र बसा आणि एका कागदावर लिहा: ठेवीची रक्कम आई नॉमिनी म्हणून घेईल, तिच्यातून अमुक देणी अमुक क्रमाने भागवली जातील, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन आईचीच राहील, फ्लॅटचे हप्ते अमुक जण भरेल आणि त्याचा हिशेब राहील. सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. फ्लॅटमधला हक्क सोडायचा असेल तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल, पण ते देणी मिटेपर्यंत करू नका. कर्ज उभे असताना बहिणीने हक्क सोडला, तर धनकोंना चुकवण्यासाठी केलेली ती पळवाट होती, असा आरोप करण्याची आयती संधी समोरच्या वकिलाला मिळते.